मुलाखतीला काय घालायचं?

मुलाखतीचं बोलावणं आलं की घरात तीन प्रश्न एकापाठोपाठ उभे राहतात. जायचं कसं, उतरायचं कुठं आणि घालायचं काय? पहिल्याचं उत्तर एसटीच्या वेळापत्रकात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर पुण्या-मुंबईतला एखादा मावसभाऊ देतो. तिसरा प्रश्न मात्र ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो, आणि तो विचारायला आपली मुलं लाजतात. मुलानं विचारलं तर 'अभ्यास सोडून कपडे कसले बघतोस' आणि मुलीनं विचारलं तर 'नटून कुणाला दाखवायचंय' हे ठरलेलं उत्तर मिळतं.

मला हा प्रश्न लाजण्यासारखा वाटत नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात तर तो नटण्यामुरडण्याचा नाहीच. तो पैशाचा आहे, जातीचा आहे, धर्माचा आहे आणि मानाचाही आहे. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी कचेरीतल्या खुर्चीवर बसलेलं नाही, त्याला 'फॉर्मल कपडे घालून या' असं सांगणं सोपं असतं. फॉर्मल म्हणजे नेमकं काय, हे त्याला घरात कोण सांगणार? म्हणून याविषयी नीट बोलू या.

माझे वडील शिवणकाम करायचे. गावाचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. हातात मुलाखतीचं पत्र घेऊन दुकानाची पायरी चढणारी मुलं मी लहानपणी खूप पाहिली. कुणाला शिक्षकाच्या जागेसाठी बोलावणं असे, कुणाला बँकेच्या, कुणाला एसटीच्या. कापड बहुतेकांकडे आधीच असायचं. बहिणीच्या लग्नात आहेरात आलेला शर्टपीस-पँटपीस, पेटीत राहून घडीवर पिवळी रेघ उमटलेला. अब्बा माप घ्यायचे, कापड बेतायचे आणि कच्च्या शिलाईवर ट्रायलला बोलवायचे. आलेल्या मुलाला आरशापुढं उभं करण्याआधी ते त्याला स्टुलावर बसवायचे. म्हणायचे, "खड़े रहके नको, बैठके दिखा. मुलाकात बैठके होती."

आज इतक्या वर्षांनंतरही या विषयावर यापेक्षा शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. उभ्यानं झकास दिसणारी पँट बसल्यावर मांडीत आवळते. शर्टाची बटणं पोटावर ताणतात, कॉलर गळ्याला रुतते, मोजा घसरून पोटरी उघडी पडते. मग माणूस अर्धा जीव प्रश्नात आणि अर्धा कपड्यात ठेवून बोलतो. मुलाखतीच्या कपड्याची पहिली कसोटी हीच. खुर्चीवर बसल्यावर पाच मिनिटांत तो आपल्यालाही विसरता यावा आणि समोरच्यालाही. पुढचं सगळं या एका गोष्टीचा विस्तार आहे.

'मुलाखत' हा शब्द मूळचा अरबी. 'मुलाक़ात' म्हणजे भेट. झडती नव्हे, पंचनामाही नव्हे. भेटीत दोन्ही बाजू एकमेकांना पाहतात. 'पोशाख' हा शब्द फारसी. तो ज्या क्रियापदाच्या कुळातला आहे, त्या 'पोशीदन'चे दोन अर्थ होतात, अंगात घालणं आणि झाकणं. कपडा थोडं झाकतो आणि थोडं सांगतो. मुलाखतीला निघालेल्या माणसाला ठरवायचं असतं ते हेच, की काय झाकायचं आणि काय सांगू द्यायचं.

'सभ्य पोशाख' नावाची गोष्ट काही आभाळातून पडलेली नाही. राज्य बदललं की ती बदलते, आणि आपल्या भागाइतकं हे कुणी पाहिलं नसेल. मीर उस्मान अली खान १९११ मध्ये हैदराबादच्या गादीवर आले. त्यांच्याच नावावरून आपला जिल्हा उस्मानाबाद. कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षण उर्दूतून चाले. त्या राज्यात प्रतिष्ठित माणसाचा पोशाख म्हणजे शेरवानी. ती केवळ मुसलमानांची नव्हती. हैदराबादचे हिंदू अधिकारी आणि वकीलही शेरवानी घालत. डोक्यावर रुमी टोपी किंवा दस्तार, आणि दरबारात जायचं तर कमरेला बगलूस, म्हणजे पट्टा.

त्याच काळात, याच जिल्ह्यात, हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून मराठवाड्यानं ज्यांना डोक्यावर घेतलं, ते व्यंकटेश खेडगीकर या शाळेत शिकवत होते. कचेरीची शेरवानी आणि चळवळीची खादी असे दोन पोशाख तेव्हा एकाच मुलखात वावरत होते. माणूस कुठल्या बाजूला उभा आहे, हे त्यानं तोंड उघडण्याआधी कापड सांगत असे.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं. कचेरीतली शेरवानी हळूहळू लग्नमंडपात जाऊन बसली. तिच्या जागी कोट, धोतर आणि गांधी टोपी आली. मग टेरिलिन आलं, टेरिकॉट आलं, सफारी आली. माझ्या वडिलांच्या दुकानात एके काळी सफारी म्हणजे साहेबी थाटाची कमाल होती. आज पंचविशीतला मुलगा सफारी घालून मुलाखतीला गेला, तर समिती त्याला नवरदेवाचा बाप समजेल. ज्या पोशाखाचा आज दरारा वाटतो, त्याचीही उद्या हीच गत होणार आहे. म्हणून त्याला मान द्यावा, पण त्याच्यापुढं दबून जाऊ नये.

मलाही अजून एखाद्या कविसंमेलनात संयोजक हळूच विचारतात, "शेरवानी नाही आणली?" मुसलमान कवी म्हटल्यावर शेरवानी आणि उर्दू गझल असं एक चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं असतं. मी पांढरा शर्ट घालून जातो आणि मराठी कविता वाचतो. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण समोरचा आपल्या कपड्यांत आपल्याला नव्हे, त्याच्या मनातल्या चित्राला शोधत असतो, हे अशा वेळी कळतं. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेली माणसंही माणसंच असतात.

ही गोष्ट सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत स्पष्टपणे ओळखली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेच्या वेळी त्यांनी जमलेल्या स्त्रियांसमोर भाषण केलं. लुगडं नेसण्याची जी पद्धत आणि गळ्या-हातांतले जे जाडजूड दागिने तुमची जात लांबूनच ओळखवून देतात, ते सोडा, असं त्यांनी सांगितलं. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ ठेवा, हाही त्यांचा आग्रह होता. पुढे १९४१ मध्ये ते आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. बाबासाहेबांच्या अंगावरचा सूट हा शौक नव्हता. तुम्ही मला जिथं उभं करू पाहता तिथं मी उभा नाही, असं सांगणारा तो पोशाख होता. पुतळ्यांमधून तो आज गावोगाव दिसतो. मुलाखतीला निघालेल्या पहिल्या पिढीच्या मुलानं त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. स्वच्छता पैशावर अवलंबून नसते, ही पहिली. आणि आपली ओळख काय सांगावी हे ठरवण्याचा हक्क आपला आहे, ही दुसरी.

'कपड्यावरून माणूस ओळखू नये' असं आपण म्हणतो, आणि ते खरं आहे. पण माणसं ओळखतात. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी यावर नऊ प्रयोग केले आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यांनी लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. चेहरा तोच, फक्त खांद्यापाशी दिसणारा कपडा कधी जरा श्रीमंती वाटणारा, कधी जरा गरिबी. श्रीमंती कपड्यातला चेहरा लोकांना अधिक कर्तबगार वाटला. छायाचित्र सेकंदाच्या साधारण आठव्या हिश्शाएवढंच दाखवलं तरी हेच झालं. कपड्यांकडे दुर्लक्ष करा, असं बजावून सांगितलं तरीही फरक पडला नाही. म्हणजे समितीतला माणूस दुष्ट असतो असं नव्हे. त्याच्याही नकळत डोळा आपलं काम करून टाकतो.

यावर कर्ज काढून भारी सूट शिवणं हा उपाय नाही. तो सूट अंगाला सवयीचा नसतो, आणि बुजलेला माणूस भारी कपड्यात अधिकच बुजलेला दिसतो. आपल्याला त्या डोळ्याला अडखळायला जागा ठेवायची नाही, एवढंच. धुतलेलं, इस्त्री केलेलं, अंगाला बसणारं कापड असलं की डोळा पुढं सरकतो आणि कान कामाला लागतात.

आता नेमकं काय घालावं, याचा अंदाज घ्यायला सरकारी आदेश उपयोगी पडतात. ८ डिसेंबर २०२० रोजी राज्य सरकारनं आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल सूचना काढल्या. स्त्रियांनी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, अथवा पँटवर कुर्ता किंवा शर्ट घालावा. पुरुषांनी शर्ट-पँट घालावी. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षी किंवा चित्रं असलेले कपडे नकोत. जीन्स, टी-शर्ट नको, स्लिपर नको. आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, खादी वापरावी. पुढे मार्च २०२१ मध्ये त्यातून जीन्सचा उल्लेख गळला, टी-शर्टची मनाई राहिली. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागानं शिक्षकांसाठी असाच आदेश काढला. स्त्रियांनी साडी किंवा ओढणीसह सलवार-कुर्ता, पुरुषांनी फिकट शर्ट आणि गडद पँट, शर्ट आत खोचलेला.

हे आदेश नोकरीत असलेल्यांसाठी आहेत, मुलाखतीला येणाऱ्यांसाठी नाहीत. पण ज्या खुर्चीसाठी आपण जातो, त्या खुर्चीतला माणूस रोज कसा दिसावा अशी त्या खात्याची अपेक्षा आहे, हे त्यातून कळतं. माझा सल्ला असा. त्या जागेवरचा माणूस साध्या दिवशी जे घालतो, त्याच्यापेक्षा एक पायरी वर जा. दोन पायऱ्या नको. शिक्षकाच्या जागेसाठी फिकट शर्ट आणि गडद पँट पुरते. तिथं थ्री-पीस सूट घालून गेलेला मुलगा वर्गात खडूची धूळ सोसेल का, असा प्रश्न उगाच उभा राहतो. कारखान्यात फिटर किंवा वेल्डरच्या जागेसाठी आयटीआयचा मुलगा जात असेल, तर स्वच्छ शर्ट-पँट आणि पायात बंद बूट हवेत. तिथं प्रात्यक्षिकासाठी थेट मशिनपाशी नेलं जाऊ शकतं. सैल बाही, गळ्यातली साखळी, लोंबणारी ओढणी तिथं शोभेचा नव्हे तर अपघाताचा विषय होते. दुकानात किंवा हॉटेलात स्वागताच्या जागेसाठी दिसण्याला थोडं जास्त महत्त्व असतं, कारण ते कामाचाच भाग आहे. संगणकाच्या कंपन्यांत रोज टी-शर्ट चालत असेल, पण मुलाखतीला कॉलरचा शर्टच बरा.

सगळ्याच नोकऱ्यांना आता मुलाखत राहिलेली नाही. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या गटांतल्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. तिथं लेखी परीक्षाच सगळं ठरवते. मला तो निर्णय आवडला. ओळख, वशिला आणि कपडे या तिन्हींना एकदमच दाराबाहेर ठेवलं गेलं. पण जिथं मुलाखत उरली आहे, तिथं तिचं वजन मोठं आहे. राज्यसेवेची मुलाखत पूर्वी १०० गुणांची होती. नव्या वर्णनात्मक पद्धतीत १७५० गुणांची मुख्य परीक्षा आणि २७५ गुणांची मुलाखत आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाचं गणितही हेच आहे. तिथपर्यंत पोचलेली मुलं वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसलेली असतात. चार मित्रांत मिळून एक कोट आणि तो ज्याची मुलाखत असेल त्यानं घालायचा, अशी भावकी मी पुण्यात पाहिली आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त खांदा बघून घ्या. कोटाची बाही आखूड असली तर खपते, पण खांदा उतरलेला असला की कोट मागून आणलाय हे तो ओरडून सांगतो. शंका वाटली तर कोट सोडा. बसणारा साधा शर्ट न बसणाऱ्या कोटापेक्षा केव्हाही बरा.

आपल्या मुलांची एक अडचण शहरातल्या मुलांना नसते, ती म्हणजे प्रवास. परंड्याहून किंवा उमरग्याहून निघालेलं पोर रात्रभर एसटीत किंवा ट्रॅव्हल्समध्ये बसून पहाटे पुण्यात उतरतं, कुणी रेल्वेनं मुंबईला पोचतं. अंगातल्या कपड्यांची तोवर चुंबळ झालेली असते. म्हणून मुलाखतीचे कपडे अंगात घालून प्रवास करू नये. शर्ट घडी न करता उलटा गुंडाळला तर चुण्या कमी पडतात. मधे वर्तमानपत्र घातलं तर आणखी बरं. दुसरा एक शर्ट सोबत ठेवावा. चहा सांडतो, शाई लागते, शेजाऱ्याचं लेकरू उलटी करतं. पोचल्यावर तोंड धुवून, कपडे बदलून, अर्धा तास आधी तिथं बसावं. घाम वाळायला तेवढा वेळ लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात सुती किंवा सुतीमिश्रित कापडच घ्या. पॉलिस्टरमध्ये काखेत डाग दिसतात, आणि ते लपवण्यासाठी माणूस हात अंगाला चिकटवून बसतो.

नवे कपडे शिवायचे असतील तर निदान दहा दिवस आधी शिवा, आणि मुलाखतीआधी दोनदा तरी घालून वावरा. नवं कापड एकदा धुतल्याशिवाय अंगाला लागत नाही. नव्या बुटांचं तर विचारूच नका. टाच सोलवटलेला माणूस दारातून आत येतानाच लंगडतो. जुने पण पॉलिश केलेले बूट चांगले. बूट नसतील तर बंद पट्ट्यांचे साधे सँडल चालतात. रंगाचा घोळ घालू नका. फिकटावर गडद, एवढं सूत्र पुरे. अत्तराचं म्हणाल तर आमच्या घरात ईदला अत्तराचा फाया कानात ठेवायची रीत आहे, आणि मला ती प्रिय आहे. पण बंद खोलीत, पंख्याखाली, पाच अनोळखी माणसांसमोर वास आपल्या आधी बोलायला लागतो. त्या दिवशी साबणाचा वास पुरे.

मुलींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण आमच्या घरातल्या बायकांनी ती मला बजावून सांगितली आहे. साडीची सवय नसेल तर मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा नेसू नका. साडी 'भारदस्त' दिसते म्हणून मोठ्या बाया आग्रह करतात. पण पदर सावरण्यात आणि निऱ्या सुटतील या धाकात निम्मी उत्तरं जातात. सलवार-कुर्ता सरकारनंच मान्य केलेला पोशाख आहे. साडीच नेसायची असेल तर सुती किंवा साध्या पोताची, पदर पिन लावून, आणि आदल्या दिवशी घरात ती नेसून जिना चढून-उतरून बघा. बांगड्या कमी, कारण टेबलावर हात ठेवला की त्या किणकिणतात. कॅमेऱ्यावरची मुलाखत असेल तर बारीक रेघांचा कपडा टाळा, पडद्यावर रेघा लवलवतात. आणि कंबरेखालीही नीट कपडे घाला. मध्येच उठावं लागतं.

आता या विषयातल्या सगळ्यांत अवघड जागेकडे येतो. डोक्यावरचा स्कार्फ, टोपी, दाढी, कपाळावरचं गंध, गळ्यातली माळ. हे कपडे नव्हेत आणि कपडेही आहेत. यांचं काय करायचं?

आमच्या नात्यातली एक मुलगी बी.एड. झाली. ती लहानपणापासून डोक्याला स्कार्फ बांधते. एका खासगी शाळेत मुलाखत झाली. विषयावर चार प्रश्न झाले आणि पाचवा आला, "हे रोज घालणार का?" ती "हो" म्हणाली. पुढे निरोप आला नाही. कारण तेच होतं का, हे कळलं नाही. अशा ठिकाणी कारण कधीच कळत नसतं, आणि दुखतं ते त्यामुळेच. पुढच्या मुलाखतीआधी घरात दोन तट पडले. एक म्हणाला, नोकरी लागेपर्यंत काढून ठेव. दुसरा म्हणाला, नोकरी गेली खड्ड्यात. दोघंही तिच्याऐवजी स्वतःच बोलत होते.

मी तिला गांधीजींची गोष्ट सांगितली. १८९३ मध्ये डर्बनच्या न्यायालयात मॅजिस्ट्रेटनं त्यांना पगडी उतरवायला सांगितली. ते पगडीसकट बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलीची शपथ घेतल्यावर मुख्य न्यायाधीशांनी तेच सांगितलं, तेव्हा त्यांनी पगडी उतरवली. अब्दुल्ला शेठ आणि इतर मित्रांना ते रुचलं नाही. गांधीजींनी आत्मकथेत त्याचा खुलासा केला आहे. आपली ताकद त्यांना मोठ्या लढाईसाठी राखून ठेवायची होती. माणूस एकच, प्रश्न एकच आणि निर्णय दोन. दोन्ही वेळा ठरवलं त्यांनी स्वतः, दोन्ही वेळा ते का हे त्यांना ठाऊक होतं, आणि कुठल्याच निर्णयानं ते लहान झाले नाहीत.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. समंथा एलाफ नावाची मुलगी २००८ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या दुकानात मुलाखतीला गेली, डोक्याला स्कार्फ बांधून. मुलाखत चांगली झाली. पण विक्रेत्यांनी कसं दिसावं याचा त्या कंपनीचा नियम होता. स्कार्फ त्यात बसत नाही म्हणून वरच्या साहेबानं तिचे गुण कमी करायला लावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १ जून २०१५ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमतानं निकाल तिच्या बाजूनं लागला. उमेदवारानं तोंडानं मागणी केली नसली, तरी तिचा धार्मिक आचार हे नोकरी नाकारण्याचं कारण करता येत नाही, असा त्याचा अर्थ. न्याय मिळाला, पण त्याला सात वर्षं लागली. आपल्याकडे राज्यघटनेचं १६वं कलम सरकारी नोकरीत केवळ धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून भेदभाव करायला मनाई करतं. हक्क कागदावर आहे हे माहीत असलं, तर माणूस खुर्चीत जरा ताठ बसतो.

त्या मुलीनं काय केलं? स्कार्फ ठेवला. कपड्याला साजेसा फिकट रंगाचा घेतला, दोन पिना लावून चापून बसवला, म्हणजे हात सारखा डोक्याकडे जाऊ नये. आणि त्या पाचव्या प्रश्नाचं उत्तर तिनं आधीच तयार ठेवलं. "हो, रोज बांधते. शिकवण्यात त्यानं अडचण येत नाही. आपण पाठ घेऊन बघू शकता." चिडचिड नाही आणि विनवणीही नाही. ती आज शिकवते आहे. पण स्कार्फ ठेवल्यानंच हे झालं असं मी म्हणणार नाही. तिनं तो काढून ठेवला असता तरी मी तिच्याच बाजूनं बोललो असतो. आपल्या ओळखीची जी खूण अंगावरून उतरवताना आपल्यालाच आपण परके वाटू, ती ठेवावी. जी केवळ सवय म्हणून आहे, ती त्या दिवसापुरती बाजूला ठेवायला हरकत नाही. दोन्हींतला फरक ज्याचा त्यालाच कळतो. तो शेजाऱ्यानं, मामानं किंवा कवीनं ठरवू नये.

टेबलापलीकडच्या मंडळींनाही एक विनंती. शिंप्यांच्या भाषेत शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला 'माया' म्हणतात. कपडा अंगाला आवळला तर शिवण उसवून ही माया सोडता येते, आणि कपडा टाकून द्यावा लागत नाही. मुलाखत घेणाऱ्यांनीही मनात थोडी माया ठेवावी. समोरच्या मुलाची कॉलर विरलेली असेल, तर ती धुऊन, इस्त्री करून आणली आहे का, तेवढं बघावं. विरणं हे त्याच्या बापाच्या शेतात पाऊस न पडल्याचं लक्षण आहे. इस्त्री हे त्याच्या स्वभावाचं. नोकरी आपण त्या स्वभावाला देणार आहोत.

आणि मुलांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. कपडे ठरवायला एक संध्याकाळ द्या, आणि ती आठ-दहा दिवस आधीची असू द्या. जे ठरवाल ते अंगात घालून एकदा घरच्या खुर्चीवर बसा. कुणाला तरी समोर बसवून दहा मिनिटं बोला. हात कुठंकुठं ओढाताण करतो ते बघा, आणि ते दुरुस्त करून घ्या. मग कपडे खुंटीला अडकवा आणि पुस्तक उघडा. त्या खोलीत शेवटी तुम्हालाच बोलायचं आहे, कपड्यांना नाही.